बोटभर चुकलेली रेघ

दिवाळी अंकाचा माणूस दुकानात आला आणि म्हणाला, "मास्टर, पन्नास वर्षं लोकांचे कपडे शिवले तुम्ही. गिऱ्हाइकांच्या गमतीजमती लिहून द्या. वाचणारा हसला पाहिजे." मी विचारलं, दवाखान्यातलं लिहिलं तर चालेल का. तो म्हणाला, "सणाच्या अंकात कायले दवाखाना?"

तिथंच माझं डोकं फिरलं. ज्या घरात आजारी माणूस असतो त्या घरावरून दिवाळी काय वळसा घालून जाते? म्हणून मी दवाखान्याचंच लिहितो आहे. पटलं तर छापा, नाही तर कागद परत करा.

मी चौथी शिकलो. लिहिताना गुरुजींनी शिकवलं तसं लिहितो. बोलणं आलं की मात्र आमच्या वर्ध्याकडे बोलतात तसंच येईल, त्यावर कोणी लाल शाई फिरवू नये.

माझं दुकान नालवाडीत, रस्त्याला लागून. मी जातीनं शिंपी नाही. बापानं धम्म स्वीकारला तेव्हा घराण्याचं जुनं काम टाकून दिलं आणि मला एका टेलरच्या हाताखाली बसवलं. म्हणाला, "मेलेल्या ढोराले हात लावाचा नाई. मशीनले लाव." तेव्हापासून लावला तो लावला.

बाहेरच्याला वाटतं टेलरचं काम म्हणजे शिवणं. शिवणं शेवटी येतं. खरं काम माप घेणं आणि खडूनं कापडावर रेघ मारणं हे आहे. रेघ चुकली की पुढं कात्री, मशीन, इस्त्री सगळं चुकतच जातं. मी दुसऱ्याच्या मापावर कधी शिवलं नाही. गिऱ्हाईक म्हणतो, जुना शर्ट घ्या, यावरून शिवा. मी म्हणतो, शर्ट मले काय सांगन, तू उभा राह्य.

पण उभं राहूनही माप चुकतं, हे मला एका एसटीच्या ड्रायव्हरनं शिकवलं. त्याची पँट मी झकास शिवली. आठ दिवसांनी तो ती पँट हातात धरून दुकानात उभा. बुडाखाली वीतभर उसवलेली. "मास्टर, मी दिवसभर बसून असतो. तुम्ही माप उभ्याचं घेतलं." खरं होतं. माणूस बसला की पोट पुढं येतं, मांडी पसरते, पाठ लांब होते. त्या दिवसापासून ड्रायव्हर आला की मी त्याला स्टुलावर बसवून मापतो. गावातले दुसरे टेलर हसायचे. हसोत.

तर माझी बायको, शेवंता. तिच्या डाव्या छातीत गाठ निघाली. तपासणी झाली आणि कॅन्सर निघाला. मी आजाराचं नाव घेतो आहे, कारण आमच्या नातेवाइकांनी ते घेतलं नाही. फोनवर विचारायचे, "वहिनीचं ते कसं आहे?" ते म्हणजे काय? तिला ऐकू येत नव्हतं का? आणि पिपरी मेघेतली एक शिकवणारी बाई, वीस वर्षं माझ्याकडं ब्लाउज शिवते, तिनं शिवायला टाकलेलं कापड परत मागितलं. कारण सांगितलं, लग्न पुढं गेलं. लग्न त्याच तारखेला झालं, वाजंत्री माझ्या दुकानावरून गेली. कॅन्सर सुईदोऱ्यातून लागत नाही, हे चौथी शिकलेल्याला कळतं. तिच्या घरात तर भिंतीवर डिग्री टांगलेली आहे.

शेवंतेचं ऑपरेशन झालं. डावी बाजू काढली. मग औषधाच्या बाटल्या चढल्या, केस गेले. त्या सगळ्या महिन्यांत मी दवाखान्यात माझं नाव विसरलो. गावात मला लहानथोर मास्टर म्हणतात. तिथं मी "ओ बाबा, बाजूला व्हा" होतो. दवाखान्याचं नाव मी लिहीत नाही. डॉक्टर हुशार होते, हातगुणाचे होते, पण बोलताना फाइलकडं बघायचे. शेवंतेला काही विचारलं तर उत्तर माझ्याकडं मागायचे. मला विचारलं तर म्हणायचे, सोबत शिकलेलं कोणी नाही का?

एक गोष्ट तर माझ्या डोळ्यांनी बघवली नाही. तपासणीच्या आधी बायांना हिरवा गाउन देत, मागून उघडा. त्याच्या नाड्या तुटलेल्या. बाया एका हातानं पाठीवरचं कापड धरून रांगेत उभ्या. माझी बायको त्यात. टेलरची बायको, आणि उघडी पाठ मुठीत धरून उभी. मी दुसऱ्या दिवशी सुई, दोरा आणि नाडीचं बंडल घेऊन गेलो, बाकावर बसलो आणि एकेका गाउनला नाड्या लावायला सुरुवात केली. तिथला वॉर्डबॉय, ज्याला सगळे मामा म्हणतात, धावत आला.

"ओ बाबा, हे सरकारी सामान आहे. याले हात लावता येत नाई."

"याले हात लावाची कोनाले गरज पडली नाई, म्हनूनच हे असं झालं."

"परवानगी हाय का तुमच्याजवळ?"

"तुह्या बायकोले हा गाउन घालून इथं उभी कर. मंग परवानगी मागाले जातो."

तो गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात आणखी सात गाउन होते. असं काम माझ्या हातून झालेलं आहे, म्हणून पुढचं लिहायला मला जास्तच लाज वाटते.

औषधाच्या बाटल्या संपल्यावर डॉक्टर म्हणाले, "आता पंचवीस शेक घ्यायचे. सोमवार ते शुक्रवार रोज एक. मध्ये खाडा नको. खाडा पडला तर उपचाराचा जोर जातो." शेक म्हणजे रेडिएशन. मोठ्या मशीनखाली झोपवतात, किरण सोडतात, दुखत नाही, दिसत नाही. पण आमच्याकडं सगळे त्याला शेकच म्हणतात, डॉक्टरसुद्धा.

पहिल्या दिवशी तिच्या छातीवर जांभळ्या शाईनं तीन फुल्या काढल्या, एक मधोमध आणि एकेक दोन्ही कुशीला. भिंतीतून लाल उजेडाची बारीक रेघ येते, ती या फुल्यांवर बसली की माणूस बरोबर जागी झोपला असं समजतात. मशीनवर यवतमाळकडची एक पोरगी होती. चांगली होती. ती बाहेर येऊन मला म्हणाली, "बाबा, मार्किंग जपजा. पानी लागू देऊ नका." हे मला समजावून सांगायची गरजच नव्हती. मार्किंग म्हणजे काय हे त्या दवाखान्यात माझ्याइतकं कोणाला कळत होतं? घरी येऊन मी शेवंतेला उभं केलं, टेप काढला आणि गळ्याच्या हाडापासून प्रत्येक फुली किती इंचावर आहे ते मापाच्या वहीत लिहून ठेवलं. सवयच ती. माप दिसलं की मी लिहितो.

दहा शेक झाले. कातडी लाल झाली, कोरडी पडली, खाज सुटली. अकराव्याच्या आधीच्या शनिवारी देवळीहून तिची बहीण आली, बेबी. बेबीनं आमच्या सगळ्या घरातल्या बाळंतिणी उठवल्या आहेत. तिच्या हाताला गुण आहे. मी दुकानात होतो. घरी बेबीनं विचारलं, दवाखान्यात काय देऊन राह्यले? शेवंता म्हणाली, शेक. बेबीला जे कळायचं ते कळलं. आमच्याकडं शेक म्हणजे शेगडी, ओव्याची धुरी, आधी तेल आणि मागून कढत पाणी. तिनं बहिणीला मोरीत बसवलं, खोबरेल तेलानं हलक्या हातानं चोळलं आणि कपड्यानं पुसून घेतलं. शेवंतेनं सांगितलं असेल, "वर पानी नको टाकू." पण अंगाची आग होत होती, बहिणीचा हात थंड लागत होता. मी संध्याकाळी घरी आलो तर ती किती तरी दिवसांनी शांत झोपलेली, आणि फुल्यांच्या जागी नुसता जांभळट डाग.

बेबी रडायला लागली. "भाऊजी, मले काय मालूम? शेक घेतलेल्या बाईले कोनी असं कोरडं ठेवते का?"

मी तिला आजही दोष देत नाही. दोष द्यायचा तर तो शब्द वापरणाऱ्याला देतो.

आता काय करायचं होतं ते कोणीही सांगेल. सोमवारी जायचं आणि म्हणायचं, पुसल्या. पण डॉक्टरांनी खाडा नको म्हटलं होतं. आणि आठ दिवसांपूर्वीच, एका म्हाताऱ्याच्या गळ्यावरची शाई घामानं गेली म्हणून डॉक्टरांनी सगळ्या बाकांसमोर त्याला असं झापलं होतं की तो पायांतल्या चपलांकडं बघत राहिला. मला त्याच्या जागी उभं राहायचं नव्हतं. मी शेवंतेला सांगितलं, "माप वहीत हाय. मी काढतो."

ती म्हणाली, "तुमाले जमन?"

हा प्रश्न तिनं मला विचारायला नको होता.

रविवारी सकाळी उजेडात मी तिला दारासमोर उभं केलं. टेप धरला, पट्टी लावली, जांभळ्या स्केचपेननं तीन फुल्या काढल्या. डाग आणि माप जवळजवळ जुळत होतं. जिथं जुळलं नाही तिथं मी मापावर भरवसा ठेवला. डाग पसरलेला असतो, माप पसरत नाही.

सोमवारी सकाळी मशीन बंद होती. दुपारी सुरू झाली तेव्हा बाहेर खूप लोक साचलेले. ती पोरगी सुटीवर, दुसराच माणूस भराभर एकेकाला आत घेत होता. शेवंता आत गेली, दहा मिनिटांत बाहेर आली. कोणी काही विचारलं नाही. ऑटोत बसताना मी तिला म्हणालो, "पाह्यलं? कोनाले समजलं नाई." हे वाक्य मी बोललो आहे. ते लिहिताना पेन अडतो, पण बोललो आहे.

मंगळवारी ती पोरगी परत आली. शेवंता आत गेली आणि पाच मिनिटांत पोरगी दारात.

"बाबा, ह्या फुल्या कोनं काढल्या?"

"तुम्हीच."

"माही फुली अशी नसते. मी हातानं काढतो, एखादी रेघ वाकडी येते. ही पट्टी लावून काढली. एवढी सरळ रेघ आमच्या इथं कोनीच काढत नाई. आन लाल लाइन कुशीवर बसून नाई राह्यली."

"मंग काल जो होता त्यानं काढल्या असतीन."

"काल बी ह्याच होत्या?"

"मले काय मालूम? मी बाहेर बसतो."

ती म्हणाली, "काल त्यानं परस्पर मार्किंग बदललं असन तं वर सांगा लागन. लहान गोष्ट नाई हे," आणि आत गेली.

शेवंता गाउनवरच बाहेर आली आणि माझ्या बाजूला बाकावर बसली. ती कधी आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही.

"त्या मानसाची नोकरी जाईन."

"नाई जात. तू आत जा, लोकं पाहून राह्यले."

"आन माह्या अंगावर काल काय पडलं, कुठं पडलं, हे डॉक्टरले कोन सांगन? मी तं आडवी होती, मले दिसत नाई. तुमाले मालूम हाय आन तुम्ही सांगून नाई राह्यले."

"बोंबलतीन ते माह्यावर."

"बोंबलू द्या. मी बारा महिन्यांपासून काय काय सोसून राह्यली, तुमच्यानं एक बोंब सोसवत नाई का?"

मी उठलो. डॉक्टरांच्या खोलीचं दार उघडं होतं, आत-बाहेर तीसएक माणसं. मी सांगितलं, रेघा पुसल्या, मी काढल्या, कालचा शेक माझ्या रेघांवर झाला, त्या माणसाचा काही दोष नाही.

डॉक्टर पहिल्यांदा फाइल सोडून माझ्या तोंडाकडं बघायला लागले. "तुम्ही काय डॉक्टर आहात का?"

"टेलर आहे."

"मग ही काय पँट आहे?"

कोणी तरी हसलं. तरी मी म्हणालो, "माप बरोबर होतं. वही घेऊन येतो, पाहून घ्या."

तेव्हा ती पोरगी मध्ये पडली. तिनं स्वतःचा डावा हात डोक्यामागं नेला आणि म्हणाली, "बाबा, आम्ही आजीले आडवं झोपवतो, हात असा वर ठेवतो. कातडी तानते. उभ्यानं हात खाली असला का कुशीत वळी पडते, टेप दोन वेळा सारखा बसत नाई. तुम्ही माप उभं घेतलं का झोपवून?"

तो ड्रायव्हर, उसवलेली पँट हातात धरून, माझ्या डोळ्यांपुढं उभा राहिला. जगातल्या दुसऱ्या कोणत्याही माणसानं ही चूक केली असती तर चाललं असतं. मी ती एकदा करून, शिकून, पुन्हा केली होती, आणि या वेळेला फाटलेलं कापड नव्हतं.

"किती चुकलं?" मी विचारलं.

"कुशीची फुली एक बोट आत," पोरगी म्हणाली. मग हळूच म्हणाली, "डावी बाजू हाय बाबा. आत काळीज असते."

आमच्या धंद्यात शिवणीच्या आत बोटभर जास्तीचं कापड दुमडून ठेवतात. त्याला माया म्हणतात. माप चुकलं, माणूस जाड झाला, तर माया उसवायची आणि कपडा मोठा करायचा. मी जन्मभर त्या मायेच्या जिवावर छाती काढून फिरलो. टेलरच्या सगळ्या चुका मायेत जिरतात. या रेघेला माया नव्हती.

डॉक्टर मला पुष्कळ बोलले. मी ऐकून घेतलं. पण ते थांबल्यावर मीही बोललो, आणि त्याबद्दल मला अजिबात वाईट वाटत नाही.

"साहेब, चूक माही. लबाडी बी माही. पन मले एक सांगा, याले शेक कोन म्हनते?"

"लोकच म्हणतात."

"लोकं म्हनतीन. तुम्ही काऊन म्हनता? आमच्या घरात शेक म्हनलं का तेल येते आन कढत पानी येते. माह्या साळीनं तेच केलं, जीव लावून केलं. तुम्ही तीन पानं इंग्रजीत छापून फाइलमधी टाकले, ते कोनासाठी टाकले? तुमच्या एवढ्या मोठ्या दवाखान्यात एका मानसालेबी मालूम नाई का शेक म्हंजे काय?"

डॉक्टर खुर्चीत मागं टेकले. पोरगी खाली बघत म्हणाली, "सर, माही मायबी हेच करन." मग ते मला बसा म्हणाले. बारा महिन्यांत पहिल्यांदा.

मी विचारलं, कालच्या एका शेकानं काय होईल. ते म्हणाले, "एकच दिवस आहे. काही होणार नाही, बहुतेक."

बहुतेक. माझ्या दुकानात कोणी विचारलं, मास्टर, सूट लग्नाआधी होईल का, आणि मी बहुतेक म्हणालो, तर गिऱ्हाईक कापड उचलून नेतं. हा शब्द मी उचलून कुठं नेऊ?

मशीनमधून पुन्हा फोटो काढले, नवीन फुल्या मारल्या. त्यात तीन दिवस गेले. जो खाडा पडू नये म्हणून मी हे सगळं केलं तो खाडा पडलाच. शुक्रवारपासून पुढचे चौदा शेक झाले, सगळे त्या पोरीच्या वाकड्या फुल्यांवर. बेबी महिनाभर राहिली. तेलाची बाटली तिनं स्वतःच्या हातानं माळ्यावर टाकली आणि घरात येणाऱ्या प्रत्येक बाईला दारातच सांगायची, हा शेक तसा नाई. दवाखान्यात आता पोरगी नवीन माणसाला हेच सांगते, आमच्या बोलीत, घरच्या बायांना बोलावून. डॉक्टर अजून शेकच म्हणतात. दुसरा शब्द कोणता ठेवायचा हे मलाही सुचलं नाही, पण मी चौथी शिकलेलो आहे, सुचायला पाहिजे त्यांना.

शेवंता आता तीन महिन्यांनी तपासणीला जाते. डॉक्टर म्हणतात, ठीक आहे. मी विचारतो, ठीक का बहुतेक ठीक? ते रागावतात. रागावू देत. जिना चढताना तिला धाप लागली की मी एक पायरी मागं थांबतो आणि त्या बोटाचा विचार करतो. ती म्हणते, म्हातारपण आहे. असेलही.

हा लेख मी आधी एकदा पूर्ण लिहिला होता आणि तिला वाचून दाखवला. ती तुरीच्या शेंगा सोलत ऐकत होती. गाउनच्या ठिकाणी हसली. डॉक्टरांना मी बोललो तिथं मान हलवली. संपल्यावर म्हणाली, "यात सोमवार कुठं हाय?"

मी म्हणालो, "रविवारी काढल्या, दुसऱ्या दिवशी पोरीनं पकडल्या, असं लिहिलं. लोकायले तेवढं बस झालं."

"तुमची चोरी पकडली तो मंगळवार. माह्या अंगावर पडला तो सोमवार." तिनं सोललेले दाणे वाटीत ओतले. "तुमची फजिती तेवढी लिहिली. माहं लिहा नं."

मी पानं फाडली आणि पुन्हा सुरुवातीपासून लिहायला बसलो. आता सोमवार लिहिलेला आहे. अंकात जागा कमी पडली तर संपादकांनी दुसरं काहीही कापावं, तेवढा कापू नये.